ब्रायटन : एक तबकडी आणि एक पत्र

लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी सुमारे तासाभरात ब्रायटनला पोहोचते. स्थानकाच्या उंच, काचेच्या कमानदार छपराखालून बाहेर पडले की समोर क्वीन्स रोड लागतो आणि तो सरळ उतरत समुद्राकडे जातो. उताराच्या शेवटी पाण्याची निळसर रेघ दिसते. १८४१ साली हा लोहमार्ग सुरू झाला. तोपर्यंत राजेरजवाड्यांनी आणि धनिकांनी समुद्रस्नानासाठी यावे अशी या गावाची ख्याती होती; रेल्वे आल्यावर लंडनचा कामगार आणि कारकूनही सुटीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन येथे येऊ लागला. किनाऱ्यावर वाळू जवळजवळ नाहीच. सर्वत्र गुळगुळीत गोटे आहेत आणि लाट मागे सरकताना त्या गोट्यांचा खळखळाट दूरवर ऐकू येतो.

याच स्थानकावर उतरून, याच उतारावरून जीव मुठीत धरून चाललेला एक मनुष्य इंग्रजी चित्रपटाच्या इतिहासात अजरामर झाला आहे. १९४७ च्या अखेरीस प्रदर्शित झालेल्या ‘ब्रायटन रॉक’ या कृष्णधवल चित्रपटाचा आरंभ त्याच्या पाठलागाने होतो. ग्रॅहम ग्रीन यांची त्याच नावाची कादंबरी १९३८ साली प्रसिद्ध झाली होती. पटकथा स्वतः ग्रीन आणि नाटककार टेरेन्स रॅटिगन यांनी लिहिली; दिग्दर्शन जॉन बोल्टिंग यांचे, तर निर्मिती त्यांचे जुळे बंधू रॉय बोल्टिंग यांची. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९९ साली विसाव्या शतकातील शंभर श्रेष्ठ ब्रिटिश चित्रपटांची यादी केली, तेव्हा या चित्रपटाला पंधरावे स्थान मिळाले. वरवर पाहता ही गुन्हेगारीची रहस्यकथा आहे. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न कोणत्याही धर्मनिष्ठ घरात विचारला जाण्याजोगा आहे : एकदा असत्याचा आश्रय घेतला की मनुष्याला परतीची वाट उरते काय?

पळणाऱ्या त्या माणसाचे नाव फ्रेड हेल. तो एका वृत्तपत्रासाठी फिरतीचा खेळ चालवीत असतो. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावी तो हिंडतो, ठिकठिकाणी पत्रिका ठेवतो. जो वाचक हाती त्या दिवसाचा अंक धरून त्याला ओळखेल त्याला बक्षीस. हा खेळ कल्पित नव्हे. १९२७ साली ‘वेस्टमिन्स्टर गॅझेट’ या पत्राने सुटीच्या गावांतील खप वाढविण्यासाठी असाच खेळ सुरू केला होता. हेलचे दुर्दैव असे की ज्या गावात सर्वांनी आपल्याला ओळखावे म्हणून तो आला, त्याच गावात त्याला ओळखणारे मारेकरी टपून बसले आहेत. त्याने पूर्वी लिहिलेल्या एका वृत्तामुळे एका टोळीचा म्होरक्या प्राणास मुकला, असा त्यांचा समज आहे. त्या टोळीचा नवा म्होरक्या पिंकी ब्राउन हा अवघ्या सतरा वर्षांचा पोर आहे.

पाठलागाचा शेवट होतो तो पॅलेस पिअरवर. १८९९ साली खुला झालेला हा लोखंडी पिअर आजही समुद्रात सुमारे सव्वापाचशे मीटर शिरलेला आहे. फळ्यांच्या फटींतून खाली हिरवट पाणी दिसते. वर दिव्यांच्या माळा, पाळणे, नेमबाजीचे गाळे आणि खाऊची दुकाने. जत्रेचा हा आनंदी कोलाहल चित्रपटात आहे तसाच येतो. अंधाऱ्या बोगद्यातून फिरणाऱ्या भुताच्या गाडीत हेल बसतो, त्याच्या शेजारी पिंकी येऊन बसतो. गाडी बाहेर येते तेव्हा हेलची जागा रिकामी असते. भोवतीची मुले हसत असतात. कॅमेरामन हॅरी वॉक्समन यांनी उन्हातला किनारा आणि सावलीतली पापे एकाच चौकटीत अशी बसविली आहेत की, चित्रपट पाहून गेलेल्या प्रवाशाला पिअरवरचा गोंगाट ऐकूनही क्षणभर थांबावेसे वाटते.

पिअरच्या दुकानांत आणि किनाऱ्यावरच्या टपऱ्यांत आजही एक वस्तू हमखास मिळते. ती म्हणजे ‘ब्रायटन रॉक’, गुलाबी सालीची, आतून पांढरी, पुदिन्याच्या वासाची साखरेची कांडी. साखर आणि ग्लुकोज सिरप उकळून, त्याचा गोळा ओढून ओढून पांढरा करतात. रंगीत साखरेच्या पट्ट्या जुळवून अक्षरे रचतात, त्यांभोवती पांढरा गोळा आणि गुलाबी साल गुंडाळतात. मग माणसाच्या मांडीहून जाड असा तो लोड लाटून लाटून बोटाएवढा बारीक केला जातो. अक्षरेही त्याबरोबर बारीक होतात, पण पुसली जात नाहीत. कांडी कोठेही मोडा, तोंडावर गावाचे नाव दिसते.

कादंबरीतील आयडा अर्नोल्ड ही मनमोकळी, खाऊनपिऊन सुखी अशी बाई याच कांडीचा दाखला देते. माणसाचा स्वभाव असाच असतो, असे तिचे म्हणणे. किती चावत गेलात तरी शेवटपर्यंत तेच नाव वाचावे लागणार. कादंबरीचे आणि चित्रपटाचे शीर्षक या एका दाखल्यातून आले. मनुष्य बदलतो की नाही, हा वाद येथेच सुरू होतो.

चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर एक निवेदन येते. आजचे ब्रायटन हे सुखाने विहार करण्याचे गाव आहे. पुढील कथा दोन महायुद्धांमधल्या, अंधाऱ्या गल्ल्यांच्या आणि कुजक्या वस्त्यांच्या ब्रायटनची आहे, असा त्याचा आशय. निवेदनात गावकऱ्यांच्या अब्रूची काळजी आहे खरी, पण ते असत्य मात्र नाही. त्या काळी दक्षिण इंग्लंडच्या घोड्यांच्या शर्यतींवर टोळ्यांचा अंमल होता. बुकी लोकांना पाटी पुसण्याच्या स्पंजापासून शर्यतींच्या यादीपर्यंत साऱ्या किरकोळ वस्तू टोळीकडूनच चढ्या भावाने घ्याव्या लागत. हप्ता नाकारला तर वस्तऱ्याने चेहरा फाडला जाई. १९३६ साली ब्रायटनशेजारच्या लुईस येथील रेसकोर्सवर अशाच एका हल्ल्याने सारा देश हादरला. ग्रीन यांच्या कादंबरीत हा काळ जसाच्या तसा उतरला आहे. टेकडीवरच्या रेसकोर्सवर पिंकी स्वतःच वस्तऱ्यांच्या घेऱ्यात सापडतो, तो प्रसंग आजही अंगावर येतो. ज्या वस्तीत पिंकी वाढला असे कादंबरी सांगते, तशा कार्लटन हिल भागातील दाट, दरिद्री वस्त्या १९३० च्या दशकात पाडल्या जात होत्या. घर पाडले गेले तरी त्या घराने दिलेला संताप पोराच्या मनातून गेलेला नाही.

खुनानंतर टोळी एक युक्ती करते. हेल ठरल्या वेळेनंतरही जिवंत होता असे भासावे म्हणून टोळीतला स्पायसर हा म्हातारा गडी हेलच्या पत्रिका गावात ठेवीत जातो. त्यांतली एक तो एका उपाहारगृहात मेजावरच्या कापडाखाली ठेवतो. त्या मेजावर वाढणारी रोझ ही सोळा-सतरा वर्षांची गरीब मुलगी ती पत्रिका पाहते. आणि ठेवणारा मनुष्य वृत्तपत्रातल्या छायाचित्रातला नव्हे, हेही तिच्या ध्यानात येते. खुनाचा पुरावा कोठेच राहिलेला नसतो. पुरावा निर्माण होतो तो खून लपविण्यासाठी केलेल्या खोट्या नोंदीतून.

व्यापारी कुळांत वाढलेल्या वाचकाला हे सूत्र समजावून सांगावे लागत नाही. वहीत एक खोटी रक्कम चढली की ती जुळविण्यासाठी दुसरी, दुसरीसाठी तिसरी. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ आणि ‘न्यासापहार’ हे दोन तर थेट पेढीवरचे आहेत : खोटा लेख करणे आणि विश्वासाने ठेवलेली ठेव बुडविणे. पिंकीच्या हातून हे दोन्ही घडतात. मेजाखालची पत्रिका हा त्याचा कूटलेख. तो झाकण्यासाठी स्पायसरचा बळी जातो. नंतर रोझचे तोंड बंद करायचे म्हणून तो तिच्याशी विवाह करतो, कारण त्या काळच्या समजुतीनुसार पत्नीला पतीविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नव्हते. रोझने त्याच्यापाशी आपला सारा विश्वास ठेव म्हणून ठेवलेला असतो.

या ठेवीचे काय होते, ते पिअरवरच्या एका लहानशा खोलीत ठरते. पैसे टाकून स्वतःच्या आवाजाची तबकडी करून घेण्याची सोय तेव्हा अशा ठिकाणी असे. नवपरिणीत रोझ हट्ट धरते, पतीचा आवाज जपून ठेवायला हवा. पिंकी काचेपलीकडे जातो. ती बाहेरून कौतुकाने पाहत असते. तिला शब्द ऐकू येत नाहीत. आत तो तिला उद्देशून विष ओकतो : तुला प्रेमाचे शब्द हवे आहेत, पण मला तुझा तिरस्कार वाटतो. तबकडी तिच्या हाती येते. तिच्याकडे ग्रामोफोन नसतो, म्हणून ती तो ठेवा तसाच जपून ठेवते.

पिंकीचे काम रिचर्ड ॲटनबरो यांनी केले. चित्रीकरणाच्या वेळी त्यांचे वय तेविशीचे होते. १९४३ साली रंगभूमीवरही त्यांनीच ही भूमिका केली होती आणि हर्मायनी बॅडली यांनी आयडाची. कॅरल मार्श या तरुण अभिनेत्रीची रोझ इतकी निष्पाप आहे की तबकडीचा प्रसंग पाहवत नाही. ॲटनबरोंचा पिंकी आरडाओरडा करीत नाही. दोरीचा एक तुकडा बोटांशी खेळवीत तो शांतपणे पाहत राहतो, आणि त्या कोवळ्या चेहऱ्यावर पश्चात्तापाची एकही रेषा उमटत नाही. तो नरक मानतो. स्वर्गावर मात्र त्याचा विश्वास बसत नाही. पापाची खात्री आणि क्षमेची शंका अशा अवस्थेत जगणाऱ्या माणसाचे ते चित्र आहे.

शेवट दोन आहेत. कादंबरीत पिंकीचा अंत ब्रायटनच्या पूर्वेला पीसहेवनच्या कड्यावर होतो. त्यानंतर रोझ धर्मगुरूला भेटते. त्या वृद्धाच्या सांत्वनाने थोडी सावरते आणि पतीचा आवाज ऐकण्यासाठी घराकडे निघते. तिला काय ऐकावे लागणार हे वाचकाला ठाऊक असते, तिला नसते. ग्रीन तिला वाटेवरच सोडतात.

चित्रपटात पिंकी पिअरवरून समुद्रात पडतो. अखेरच्या दृश्यात रोझ एका जोगिणीसमोर ती तबकडी लावते. सुई फिरते, पिंकीचा आवाज येतो, प्रेमाच्या शब्दांपर्यंत पोहोचतो आणि तबकडी तेथेच अडकते. पुनःपुन्हा तेच प्रेमाचे शब्द. पुढचे विष निघतच नाही. मुलीचा चेहरा उजळतो, कॅमेरा भिंतीवरच्या क्रुसाकडे सरकतो आणि चित्रपट संपतो.

या शेवटावर आजवर पुष्कळ वाद झाला. काहींना ही प्रेक्षकांसाठी केलेली तडजोड वाटते, काहींना ती ईश्वरी कृपा वाटते. श्रावकाच्या दृष्टीने मात्र येथे एक निराळाच पेच आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात स्थूल सत्यव्रत सांगताना, ज्यामुळे दुसऱ्यावर आपत्ती ओढवेल असे सत्यही गृहस्थाने बोलू नये, अशी मर्यादा घातली आहे. त्या न्यायाने अडकलेली सुई दयाळू ठरते. परंतु ही दया कोणी केलेली नाही. ती एका चरेने केली आहे. उद्या कोणी ती सुई बोटाने पुढे सरकवली तर? जे पिंकीने जिवंतपणी कबूल केले नाही, ते तबकडीत जसेच्या तसे शिल्लक आहे. रोझचे सुख एका बिघाडावर उभे आहे.

याच ब्रायटनमध्ये, कादंबरीच्या पन्नास वर्षे आधी, आणखी एका तरुणाने विवाहाविषयीचे एक असत्य मनात दडविले होते. तो तरुण मोढ वणिक कुळातला होता. आईची परवानगी मिळावी म्हणून बेचरजी स्वामी या जैन साधूंपुढे मद्य, मांस आणि परस्त्री वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा घेऊन तो १८८८ साली विलायतेस निघाला होता. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. आत्मकथेतील एका प्रकरणात हा प्रसंग त्यांनी स्वतः सांगितला आहे. विलायतेतील पहिल्याच वर्षी ते ब्रायटनला गेले असता हॉटेलात पदार्थांची यादी फ्रेंच भाषेत होती आणि तीतले काहीच कळत नव्हते. त्याच मेजावर बसलेल्या एका वृद्ध विधवेने त्यांची अडचण ओळखली आणि मांस नसलेले पदार्थ दाखवून दिले. ओळख वाढली. लंडनला परतल्यावर दर रविवारी भोजनाचे निमंत्रण येऊ लागले. त्या घरी तरुण मुलींशी परिचय करून दिला जाऊ लागला. आपण विवाहित आहोत आणि एका मुलाचे पिता आहोत, हे त्यांनी सांगितले नव्हते. त्या काळी विलायतेतले पुष्कळ हिंदी विद्यार्थी असेच करीत.

गोष्ट कोठे चालली आहे हे ध्यानात येताच त्यांनी त्या वृद्धेला पत्र लिहिले. एका बैठकीत ते उतरले नाही. अनेकदा लिहून, खोडून, पुन्हा लिहावे लागले. आपण विवाहित आहोत, ही गोष्ट पूर्वीच सांगायला हवी होती, आपण क्षमा कराल काय, असा त्याचा भाव. उलट टपाली उत्तर आले. त्या बाईंनी मोकळ्या मनाने क्षमा केली होती, कबुलीवर हसूनही घेतले होते आणि रविवारचे निमंत्रण कायम ठेवले होते. पुढे आपल्या विवाहाविषयी सांगण्यास गांधीजी कधी कचरले नाहीत.

ब्रायटनमध्ये सुरू झालेली दोन असत्ये अशी शेजारी ठेवली की त्यांतला फरक लक्षात येतो. पिंकीचे शब्द यंत्रात अडकून पडले, कारण बोलणाऱ्याने ते कधी मागे घेतले नाहीत. गांधीजींचे मौन पत्राने सुटले, कारण ते लाज बाजूला सारून वेळेवर लिहिले गेले. पर्युषणानंतर घरोघरी जाणाऱ्या क्षमापनेच्या पत्रांमागे हीच दृष्टी आहे. ‘मिच्छामि दुक्कडं’ हे शब्द छापील कार्डावरही असतात. पण ज्याच्याशी खरोखर बिनसले आहे त्याच्या नावाचे पाकीट लिहिताना हात अडखळतो, तेथेच त्या पर्वाची परीक्षा असते.

कथेचा धागा येथेही तुटत नाही. पिंकी झालेले ॲटनबरो पुढे दिग्दर्शक झाले. त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट १९६९ सालचा. पहिल्या महायुद्धावरील त्या संगीतमय चित्रपटाचे बरेचसे चित्रण त्यांनी ब्रायटनच्या वेस्ट पिअरवर केले. ते युद्ध ब्रायटनला परके नव्हते. जॉन नॅश यांनी राजपुत्र जॉर्जसाठी बांधलेला घुमटांचा रॉयल पॅव्हेलियन १९१४ पासून जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय झाला होता. येथील रुग्णालयांत निधन पावलेल्या त्रेपन्न हिंदू आणि शीख सैनिकांना गावाबाहेरच्या टेकड्यांवर अग्नी दिला गेला. त्या जागी १९२१ पासून संगमरवरी छत्री उभी आहे. पायी चढून जाणाऱ्यास तेथून खाली दूरवर समुद्र दिसतो.

१९६२ साली लंडनमधील भारतीय उच्चायुक्त कार्यालयात काम करणारे मोतीलाल कोठारी यांनी ॲटनबरोंना गांधीचरित्र वाचण्यास दिले. त्यानंतर वीस वर्षांच्या खटपटीनंतर, १९८२ साली, ‘गांधी’ हा चित्रपट पडद्यावर आला आणि त्याला आठ ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्यात कस्तुरबांची भूमिका मराठी रंगभूमीवरच्या रोहिणी हट्टंगडी यांनी केली आणि त्यासाठी ब्रिटनचा बाफ्टा सन्मान मिळविला. जिचे अस्तित्व ब्रायटनच्या मेजावर लपविले गेले होते, तिला ब्रायटनच्या पिंकीने जगासमोर आणले. पुढे १९९८ ते २००८ या काळात ॲटनबरो ब्रायटनजवळच्या ससेक्स विद्यापीठाचे कुलपती होते.

आजचा प्रवासी गावात एक दिवस आनंदाने घालवू शकतो. ‘लेन्स’ या अरुंद गल्ल्यांत जवाहिऱ्यांची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. शाकाहाराची मुळीच अडचण पडत नाही, कारण केवळ शाकाहारी पदार्थ देणारी उपाहारगृहे येथे बरीच आहेत. त्या वृद्ध विधवेच्या मदतीची आता गरज उरलेली नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर बसले की एका बाजूला पॅलेस पिअरचे दिवे लागतात. दुसऱ्या बाजूला, १८६६ साली उभारलेल्या आणि २००३ मध्ये आगीत होरपळलेल्या वेस्ट पिअरचा काळा लोखंडी सांगाडा पाण्यात उभा दिसतो.

आयडाचा दाखला अशा वेळी पुन्हा आठवतो. कांडीवरचे नाव शेवटपर्यंत पुसले जात नाही, हे खरे. पण जैन घरांतल्या मुलांनी राजगृहीच्या अर्जुनमाळ्याची कथाही ऐकलेली असते. रोज सात जीव घेणारा तो मनुष्य सुदर्शन श्रेष्ठींच्या निर्भयतेपुढे थबकला, त्यांच्यासह भगवान महावीरांच्या समवसरणात गेला, दीक्षा घेतली; आणि ज्यांची माणसे त्याने मारली होती, त्यांच्याच दारी भिक्षेस गेल्यावर शिव्या आणि मार मुकाट सोसला. नाव तेच राहिले, मनुष्य पालटला. पिंकीला असा सुदर्शन भेटला नाही असे म्हणावे, तर रोझ त्याच्यासमोर काचेपलीकडेच उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिले आणि तबकडी पुरी केली.

पॅलेस पिअरच्या टोकाशी, जेथून तो खाली पडतो असे चित्रपट दाखवितो, तेथे आज मुलांचे पाळणे फिरत असतात. परतणाऱ्या प्रवाशांच्या हाती गुलाबी कांड्या असतात. क्वीन्स रोडचा चढ चढून लोक स्थानकावर येतात आणि लंडनची गाडी सुटते.